पाऊस गेला आणि खटखट परत आली: जुन्या मारुतीचा स्टिअरिंग रॅक घरी बदलताना

मे महिन्यात स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारा भाग, बदलला, चतुर्थीपर्यंत गाडी शांत चालली आणि दिवाळीच्या तोंडावर स्टिअरिंगमधून परत तीच खटखट. मारुती ८००, जुनी अल्टो, झेन या गाड्या गोव्यात अजून रोजच्या वापरात आहेत आणि त्यांची ही तक्रार ठरल्यासारखी येते. दुसरा रॅक विकत घेण्याआधी पहिला का गेला ते शोधायला हवे. कारणे बहुधा दोनच निघतात. एक तर मुळात रॅक गेलेलाच नसतो, आवाज शेजारच्या एखाद्या भागाचा असतो. नाहीतर नवा रॅक बसवताना त्याच्या रबरी बुटांकडे, म्हणजे टोकांवरच्या घड्यांच्या आवरणांकडे, आणि ते आवळणाऱ्या क्लॅम्पकडे कोणी लक्ष दिलेले नसते आणि पहिल्या पावसातच आत पाणी शिरलेले असते.

इथे लिहिलेले काम बिनपॉवरच्या, म्हणजे साध्या रॅकचे आहे. स्टिअरिंग कॉलमवर इलेक्ट्रिक मोटर असलेल्या गाड्यांतही खालचा रॅक साधाच असतो, त्यामुळे बरेचसे तिथेही लागू पडते. फरक जिथे आहे तिथे सांगितला आहे. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा रॅक मात्र घरी उघडू नका. त्यात दाबाच्या नळ्या, त्यांचे सील आणि नंतर हवा काढणे हे वेगळे काम येते.

रॅक कुठे झिजतो?

स्टिअरिंग फिरवले की पिनियन नावाचे लहान दातेरी चाक फिरते आणि ते दातेरी दांड्याला, म्हणजे रॅकला, डावीउजवीकडे सरकवते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे पिनियन उजव्या टोकाशी असतो. तिथे रॅकच्या पाठीमागून स्प्रिंगने दाबलेला प्लंजर असतो, तो दाते एकमेकांत नीट बसवून ठेवतो. डाव्या टोकाला फक्त एक बुश, म्हणजे आधार देणारी गोल कडी, असते आणि दांडा तिच्यातून सरकतो. ही बुश झिजली की दांडा वरखाली हलतो आणि डाव्या बाजूने, पाय ठेवतो तिथून आल्यासारखा आवाज येतो. त्यातच आपली डावी चाके पावसाने खचलेल्या कडेवरून सगळ्यात जास्त जातात.

गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून दाते मधल्या भागात जास्त झिजतात आणि टोकाला जवळपास नव्यासारखे राहतात. प्लंजरला दाबणारा खालचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून खटखट घालवण्याचा जो सोपा उपाय केला जातो, तो इथेच फसतो. मधल्या ढिलाईच्या मानाने स्क्रू आवळला की टोकाकडे दाते जॅम व्हायला लागतात. वळणावरून गाडी बाहेर आली तरी स्टिअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने आणावे लागते. चोर्ला घाटाच्या वळणांवर असे स्टिअरिंग धोक्याचे आहे. स्क्रू थोडासा आवळून पाहायला हरकत नाही, पण आवळल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत मोकळे फिरले पाहिजे. फिरत नसेल तर स्क्रू होता तिथे परत आणा आणि रॅक संपला असे समजा.

ढिलाई किती चालते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई चालत नाही. साधारण ३७ सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १० सेंमी. हे प्रमाण फारच सैल आहे. सुझुकीच्या लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कडेवर ० ते ३० मिमी एवढीच मुभा असते, तेच माप धरा. स्टिअरिंगच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा, डॅशबोर्डवर पट्टी टेकवा, गाडी सरळ उभी करून दोन बोटांनी स्टिअरिंग हलवा आणि पुढचे चाक हलायला लागेपर्यंतचे अंतर मोजा.

त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे आणि आपल्या कामाचे तेच आहे: स्टिअरिंगच्या जोडण्यांमधल्या बॉल जॉइंटवर रबरी टोपण हवे आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. पंधरा वर्षांनी आरसी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यायची असेल तर फाटके रबर आणि नसलेली स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुहेरी तार) आधीच पाहून घ्या.

आवाज नक्की कुणाचा?

या तपासणीला दोन माणसे आणि वीस मिनिटे लागतात. गाडी चारही चाकांवर उभी, इंजिन बंद. साध्या स्टिअरिंगला चावी फक्त लॉक निघेल एवढीच फिरवायची. इलेक्ट्रिक असेल तर चावी पूर्ण ऑन करून आणि नुसती लॉक निघेल एवढीच फिरवून अशी दोनदा तपासणी करा. एकाने स्टिअरिंग चारपाच सेंमी डावीउजवीकडे झटक्याने हलवत राहायचे, दुसऱ्याने बोनेट उघडून आणि मग गाडीखाली हात घालून एकेक जोड बोटांनी धरत जायचे. आवाजापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. लोखंडातून आवाज कुठूनही कुठे जातो, पण खटका जिथे बसतो तिथेच बोटाला लागतो.

सुरुवात वरून करा. स्टिअरिंग शाफ्ट आणि पिनियन यांच्यामधला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे यूजे, धरा. वरची बाजू फिरते आणि खालची उशिरा फिरते असे जाणवले तर दोष यूजेचा. हाच यूजे गंजून आवळला असेल तर खटखट येत नाही, त्याऐवजी स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार दिसते, आणि रॅक जड झाला असे समजून नवा रॅक बसवला तरी जडपणा तसाच राहतो.

मग रॅकच्या नळीवर हात ठेवा. दांडा सरकण्याऐवजी अख्खी नळी डावीउजवीकडे हलत असेल तर माउंटिंगची रबरी बुशे दबून गेलेली आहेत किंवा बोल्ट सैल आहेत. असे असेल तर बुशे बदलून काम संपते, रॅकला हात लावायची गरज नाही. त्यानंतर रबरी बूट चिमटीत दाबून आतला बॉल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात, तो चाचपा. शेवटी टाय रॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा (टाय रॉडचा) बाहेरचा जोड. हे सगळे ठीक असून पिनियनजवळ किंवा डाव्या बुशपाशी खटका लागत असेल तर रॅक गेला.

आता पुढचे चाक उचला. चाक ९ आणि ३ वाजताच्या जागी धरून हलवले की टाय रॉड आणि रॅक बोलतात. १२ आणि ६ वाजता धरून हलवले की बेअरिंग आणि लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट. स्टिअरिंग सरळ धरून स्पीडब्रेकरवरून हळू जाताना एकदाच धाडकन आवाज येत असेल तर आधी स्ट्रट माउंटिंग, लोअर आर्मची बुशे आणि स्टॅबिलायझर बारची बुशे बघा. रॅकचा आवाज बारीक खडबडीवर, म्हणजे उखडलेल्या डांबरावर किंवा चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) तुकड्यांच्या कच्च्या रस्त्यावर, सलग कटकटकट असा येतो.

बूट उघडून ग्रीस पाहिल्याशिवाय मात्र निकाल देऊ नका. बाहेरची क्लिप काढून बूट मागे सारा. आतले ग्रीस काळपट पण गुळगुळीत असेल तर पाणी गेलेले नाही. ते दुधाळ, फेसाळ किंवा तांबूस असेल तर पाणी गेले. दांडा फडक्याने पुसून त्यावर नख फिरवा. वरवरचा तांबूस डाग पुसला जातो, खड्डा नखाला अडकतो. खड्डा पडलेला दांडा बुशला कानशीसारखा खातो, त्यामुळे अशा रॅकमध्ये नवी बुश घालून उपयोग नाही. दांडा गुळगुळीत असेल आणि फक्त डाव्या टोकाला ढिलाई असेल तर बुश बदलणारा जाणकार शोधावा, त्यात पैसे वाचतात.

दुकानातून काय आणायचे?

रॅक असेंब्ली, दोन टाय रॉड एंड, दोन बूट, चारही क्लॅम्प, माउंटिंगची बुशे, दोन नव्या स्प्लिट पिना, यूजेचा बोल्ट आणि लिथियम ग्रीसचा लहान डबा. टाय रॉड एंड घट्ट आणि रबर अखंड असेल तर जुनेच चालतात, पण बुशे आणि क्लॅम्प जुने वापरू नका. नव्या रॅकसोबत बूट लावलेले आले तरी ते दाबून, घड्या उघडून बघा. वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या रबराला घड्यांमध्ये बारीक चिरा असतात आणि बाहेरून ते नवेच दिसते.

म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना रॅक सोबत घेऊन गेलात तर उत्तम, नाहीतर गाडीचे वर्ष, मॉडेल आणि चेसिस नंबर लिहून न्या. एकाच नावाच्या गाडीत साधा आणि इलेक्ट्रिक असे दोन प्रकार असतात आणि पिनियनचे स्प्लाइन, म्हणजे त्याच्या टोकावरच्या उभ्या खाचा, वेगळे निघू शकतात. काउंटरवरच चार गोष्टी ताडून पाहा: पूर्ण लांबी, माउंटिंगच्या जागांमधले अंतर, पिनियनचे स्प्लाइन आणि टाय रॉडचे आटे. मग पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे, मध्येच आवळ किंवा मोकळा लागता कामा नये. डाव्या टोकाला दांडा धरून वरखाली हलवा, काहीही हलता कामा नये. भंगारातला जुना रॅक स्वस्त मिळतो, पण त्याचेही मधले दाते तुमच्यासारखेच झिजलेले असतात. बाहेरून धुऊन रंगवलेल्या रॅकला भुलू नका, मधल्या स्थितीत पिनियन हलवून ढिलाई बघा.

गाडी उचलायची कशावर?

या कामात जीव जाऊ शकतो तो इथे, म्हणून घाई नको. घराच्या आवारातली तांबडी माती पावसाच्या आधी दगडासारखी वाटते, पण जॅकच्या तळाएवढ्या जागेवर गाडीचा भार आला की खचते. सिमेंटची सपाट जमीन हवी. ती नसेल तर जॅक आणि स्टँडखाली निदान दोन इंच जाडीची, फूटभर रुंद लाकडी फळी घाला.

आणि चिरा कधीही टेकू म्हणून लावू नका. आवारात चिरे पडलेले असतातच आणि भिंतीत ते चांगला भार पेलतात म्हणून माणूस सहज एक ओढतो. भिंतीत भार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, गाडीच्या कडेखाली तो एका रेषेवर येतो, आणि सच्छिद्र चिरा कसलीही सूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचेही तेच. लोखंडी जॅक स्टँडची जोडी हवीच, ती विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी आणा.

मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पुढची दोन्ही चाके उचलून स्टँड मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. समुद्राकाठच्या जुन्या गाड्यांत दारांखालचा पट्टा आतून कुजलेला असतो, म्हणून स्टँड लावण्याआधी तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भदभद आवाज आला तर तिथे भार देऊ नका. स्टँडवर गाडी बसली की खाली जाण्याआधी बाजूने जोरात ढकलून बघा. काढलेली चाके गाडीखाली आडवी सरकवून ठेवा.

काढण्याची पद्धत

आदल्या संध्याकाळी टाय रॉडचे लॉक नट, टाय रॉड एंडचे नट, माउंटिंगचे बोल्ट आणि यूजेचा बोल्ट यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी परत एकदा मारा. खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत याच्यामुळे तासभर वाचतो आणि बोल्ट तुटत नाहीत.

स्टिअरिंग अगदी सरळ करा आणि सीटबेल्ट त्यातून ओढून बांधून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत हे सोडून चालणार नाही: खालचा जोड सुटलेला असताना स्टिअरिंग मनसोक्त फिरले तर आतली क्लॉक स्प्रिंगची वायर तुटते. अशा आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायरही आधी काढा. यूजे आणि पिनियन यांच्यावर एका रेषेत पांढऱ्या रंगाची खूण करा.

टाय रॉड एंड सोडवण्याआधी लॉक नट अर्धा आटा सैल करून घ्या. एंड नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागात) अडकलेला असतानाच तो सहज सुटतो, नंतर रॉड हातात गोल फिरत बसतो. लॉक नटपासून एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून कागदावर लिहा, डावे आणि उजवे वेगळे. एंड काढताना तो किती फेऱ्यांत सुटला तेही लिहा. दोन्ही नोंदी ठेवल्या की एक चुकली तरी दुसरी वाचवते.

स्प्लिट पिन काढा, नट आट्यांच्या टोकापर्यंत आणा पण पूर्ण काढू नका, म्हणजे एंड सुटताना झटक्याने खाली पडत नाही. पुलर लावून आवळा. पुलर नसेल तर नकलच्या कानाला, जिथे एंडचा निमुळता दांडा बसतो, तिथे एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने दोनतीन नेमके घाव घाला. दांड्याच्या टोकावर घाव घालायचा नाही. आटे चेपतात आणि एंड वाया जातो. दुतोंडी पाचर घालून काढलात तर रबर फाटतेच, ती पद्धत एंड फेकायचाच असेल तरच वापरा.

यूजेचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढायचा, कारण तो पिनियनच्या खाचेतून जातो. तो काढल्यावरही जोड सरकत नसेल तर यूजेच्या चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उघडा. हातोडीने खालून ठोकलेत तर इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या कॉलममधला सेन्सर बिघडू शकतो.

आता माउंटिंगचे बोल्ट. पट्ट्या कोणत्या बाजूच्या ते लिहून ठेवा, मध्ये पातळ वॉशर किंवा शिम निघाले तर तेही त्याच जागेच्या नावाने वेगळे ठेवा. पिनियन यूजेमधून खाली उतरवला की रॅक चाकाच्या खोबणीतून बाजूने बाहेर येतो. किंचित फिरवत काढावा लागतो. ब्रेकच्या नळ्या, गिअरची शिफ्ट रॉड आणि एक्झॉस्ट जवळच असतात, ब्रेकची नळी वाकवून जागा करू नका. अडत असेल तर आडवा येणारा टाय रॉड एंड किंवा शील्ड काढा.

रॅक निघाला की त्याच्या जागेचा पत्रा बघा. वायर ब्रशने माती आणि गंज काढा आणि बोल्टच्या भोकांभोवती तडे आहेत का ते उजेडात पाहा. तडा दिसला तर इथेच थांबा. तिथे वेल्डिंग झाल्याशिवाय नवा रॅक बसवण्यात अर्थ नाही, तो हलणारच. नुसता गंज असेल तर घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्या आणि पूर्ण वाळू द्या.

बूट

गोव्यात रॅकचे आयुष्य याच रबरावर ठरते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

स्टिअरिंग फिरले की एका बाजूचा बूट दबतो आणि दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बुटातली हवा दुसरीकडे जायला रॅकच्या आतून किंवा बाहेरच्या बारीक नळीतून वाट ठेवलेली असते. ही वाट ग्रीस कोंबून बंद केली तर ताणलेल्या बुटात पोकळी होते आणि तो सैल क्लॅम्पच्या फटीतून हवा ओढतो. रस्त्यावर पाणी साचलेले असेल तर हवेऐवजी चिखलाचे पाणी ओढतो. साकवावर किंवा शेताकडेच्या सखल रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून वळत जाणारी गाडी प्रत्येक वळणाला थोडे थोडे पाणी पिते ती अशी. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा एक पावसाळा पुरतो. फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या गाड्यांचे आणखी कठीण. रायबंदर–चोडण किंवा जुने गोवे–दिवाडी या फेरीबोटींच्या धक्क्यावर भरतीच्या वेळी उतारावर मांडवीचे मचूळ पाणी असते, आणि मीठ आत गेले की दांड्यावर खड्डे पडायला वेळ लागत नाही.

तेव्हा ग्रीस बेताने. दांड्याच्या दात्यांवर आणि पाठीवर पातळ थर, आतल्या बॉल जॉइंटभोवती बोटभर. एकूण ४० ते ५० ग्रॅम पुरते. बूट ग्रीसने भरून ठेवला म्हणजे पाणी येणार नाही हा समज चुकीचा आहे, त्याने हवेची वाट बुजते. हवेची बारीक नळी असेल तर तिच्यातून फुंकून ती मोकळी आहे का बघा.

बुटाची आतली, मोठी कड रॅकच्या खाचेत पूर्ण गोल बसली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, मागच्या बाजूनेही बोट फिरवून बघा. तिथे स्टीलचा क्लॅम्पच हवा. प्लास्टिकचा केबल टाय घाईत लावतात, पण इंजिनच्या उष्णतेने तो कडक होतो आणि एखाद्या दिवशी तटकन तुटतो. नव्या रॅकच्या अकाली मृत्यूमागे फार वेळा हाच केबल टाय सापडतो. क्लॅम्प रबर कापेल इतका आवळू नका. कड फुगायला लागली की पुरे. बाहेरच्या लहान कडेखाली, टाय रॉडच्या खाचेत, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याच्या, वेळी रॉड फिरवतात तेव्हा बूट त्याच्यासोबत पिळला जाऊ नये म्हणून हे करायचे. पिळलेला बूट घडीवर फाटतो. अलाइनमेंट करून घेताना तिथल्या कारागिराला बाहेरची क्लिप सैल करूनच रॉड फिरवायला सांगा आणि गाडी खाली उतरवण्याआधी दोन्ही बूट स्वतः वाकून बघा.

बसवणे

नवा रॅक गाडीत घालण्याआधी मध्यावर आणा. पिनियन एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजा आणि निम्म्या फेऱ्या मागे या. समजा साडेतीन फेऱ्या झाल्या तर पावणेदोन मागे. रॅक असा मध्यावर असताना पिनियन आणि नळीवर खूण करा. ही पायरी सोडली की गाडी एका बाजूला मोठे वळण घेते आणि दुसऱ्या बाजूला टायर आत घासतो.

रॅक जागेवर सरकवून आधी पिनियन यूजेमध्ये घाला, स्टिअरिंग सरळ बांधलेले आहेच. बोल्टचे भोक पिनियनच्या खाचेसमोर आले पाहिजे. बोल्ट हाताने सहज शिरला तरच बरोबर; ठोकावा लागत असेल तर पिनियन पुरता वर गेलेला नाही. माउंटिंगच्या पट्ट्या आणि नवी बुशे लावून सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवा, मग आलटून पालटून आवळा. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर नळी तिरकी बसते आणि स्टिअरिंग जड होते.

सुझुकीच्या या लहान गाड्यांत माउंटिंगचे आणि यूजेचे बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आणि टाय रॉड एंडचा नट ४० ते ४५च्या आसपास आवळतात. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर अंदाजासाठी: २५ सेंमी लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर. त्या पान्यावर पाइप घालून आवळलेले बोल्ट मात्र पुढच्या वेळी तुटूनच निघतात.

टाय रॉड एंड नोंदवलेल्या फेऱ्यांइतके चढवा आणि अंतर पट्टीने ताडून पाहा. निमुळता दांडा आणि नकलचे भोक दोन्ही कोरडे पुसा, तिथे ग्रीस लावायचे नाही. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी पुढे न्या, मागे कधीच नको. पिन नवी घाला, दोन्ही टोके वाकवा. जुनी पिन सरळ करून परत घातली तर ती वाकल्याच्या जागी तुटते आणि मग त्या नटाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

चाके लावण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. काही घासते का, ब्रेकची नळी ताणते का, बूट पिळतो का ते बघा. मग चाके, गाडी खाली, चाकांचे नट फुलीच्या क्रमाने आवळून घ्या.

अलाइनमेंटला जाण्याएवढे टो, म्हणजे पुढच्या चाकांचे आत किंवा बाहेर वळलेले असणे, घरी जुळवता येते. गाडी दोनतीन मीटर पुढेमागे ढकलून सरळ उभी करा. दोन्ही पुढच्या टायरांवर मधल्या खाचेत खडूची खूण करा, पुढच्या बाजूने हबच्या उंचीवर दोन खुणांमधले अंतर मोजा, खुणा मागच्या बाजूला येईपर्यंत गाडी ढकला आणि परत मोजा. पुढचे आणि मागचे माप २–३ मिमीच्या आत जुळले की गाडी हळू चालवत नेता येते. दुरुस्ती करायची तर दोन्ही रॉड सारखेच फिरवा. यानंतर यंत्रावरचे अलाइनमेंट त्याच दिवशी, चारशे किलोमीटरनंतर बघू असे नको. तेवढ्यात टायरची कड खाल्ली जाते.

चालवून पाहिल्यावर काही उरले तर

स्टिअरिंग वाकडे पण गाडी सरळ जाते: एक रॉड जितका आत तितकाच दुसरा बाहेर फिरवून सुधारा. स्टिअरिंगचे चाक काढून सरळ बसवणे हा उपाय नव्हे, त्याने रॅक मध्यावरून सरकलेलाच राहतो.

वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही: माउंटिंगचे बोल्ट सैल करून परत सारखे आवळा, मग यूजे बघा, शेवटी अॅडजस्टिंग स्क्रू. पुढची चाके उचलल्यावर स्टिअरिंग हलके फिरत असेल तर रॅक ठीक आहे, स्ट्रटचे वरचे बेअरिंग किंवा टायरची हवा तपासा.

खटखट अजून आहे: वरची दोन माणसांची तपासणी पहिल्यापासून करा. नवा रॅक शांत झाल्यावर आधी झाकला गेलेला लोअर आर्मचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, हे नेहमीचे आहे.

१०० किलोमीटरनंतर आणि परत ५०० किलोमीटरनंतर माउंटिंग, यूजे आणि लॉक नट यांवर पाना लावून बघा. नवी बुशे थोडी दबतात, त्यामुळे बोल्ट किंचित फिरतो. जुलैच्या मध्यावर, पाऊस जोरात असताना, गाडी उचलून दोन्ही बूट हाताने दाबा. आत पाण्याचा चुळचुळ आवाज आला किंवा कडेवर ओले ग्रीस दिसले तर त्याच दिवशी क्लिप काढा, पाणी निथळू द्या, दांडा कोरडा पुसा, ताजे ग्रीस लावा आणि नवा क्लॅम्प बसवा. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर दांड्यावर नखाला खड्डा लागेल.